घरच्या घरी श्वासाचं ध्यान : बसायचं कसं, सुरू कसं करायचं, टिकवायचं कसं

ध्यान करून पाहून सोडून दिलेल्या माणसाला कारण विचारा. उत्तर जवळपास ठरलेलं असतं : 'डोळे मिटले की उलट जास्तच विचार येतात, आपल्याला नाही जमणार हे.' खरं तर विचार वाढलेले नसतात. ते दिवसभर चालूच असतात, पण कामाच्या रगाड्यात, फोनवर, टीव्हीसमोर त्यांच्याकडे लक्ष जात नाही. पाच मिनिटं गप्प बसलं की ते पहिल्यांदा नजरेत भरतात आणि माणूस घाबरतो.

मन ओढूनताणून शांत करता येत नाही, हे आधीच पक्कं समजून घेतलेलं बरं. 'आता विचार करायचा नाही' हाही विचारच असतो. आपल्या हातात तीनच गोष्टी आहेत : शरीर कसं ठेवायचं, श्वासाकडे कसं लक्ष द्यायचं आणि रोज कुठल्या वेळी बसायचं. या तिन्हींची नीट सोय लावली की मन त्याच्या गतीने निवळतं. म्हणून या लेखात मी मनाबद्दल कमी आणि गुडघे, कंबर, नाकपुड्या यांच्याबद्दल जास्त लिहिणार आहे. ध्यान सुटतं ते बहुतेक वेळा तिथेच.

कुठली पद्धत घ्यायची

ध्यानाचे प्रकार पुष्कळ आहेत. नवशिक्याने त्यातला एक धरावा आणि निदान दोन महिने तोच करावा. आज श्वास, उद्या ज्योत, परवा चक्रं असं केलं की कशाचीच सवय लागत नाही. इथे मी आनापान घेतलं आहे. नैसर्गिक श्वास आत येतो, बाहेर जातो, तो फक्त जाणायचा. त्याला मंत्र लागत नाही, मूर्ती लागत नाही, खर्च तर नाहीच. कुठल्याही धर्माच्या माणसाला ते करता येतं आणि कुठलाच न मानणाऱ्यालाही.

ही वाट मूळची बौद्ध परंपरेतली. महाराष्ट्रात ती घरोघरी माहीत झाली ती इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रामुळे. मंडाले इथे जन्मलेले सत्यनारायण गोएंका म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना पाहण्याचं ध्यान, शिकले, 1969 साली भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापानच असतं. राज्यातल्या शाळांमध्ये 'मित्र उपक्रमा'तून मुलांना हेच आनापान शिकवलं गेलं, त्यामुळे तुमच्या घरातल्या पोराला कदाचित ते तुमच्याआधी माहीत असेल. त्याला शेजारी बसवून घ्या.

योगाभ्यासाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजून पाहायचं कामही महाराष्ट्रात फार लवकर सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते याच कामासाठी. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. तो आठ आठवड्यांचा असतो आणि पुढचं बरंचसं वैद्यकीय संशोधन त्याच्यावरच झालं.

फायदा किती, कशाला

इथे भाबडेपणा नको. ध्यानाने मधुमेह जातो, थायरॉईड बरं होतं असे संदेश फिरत असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. 2014 साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात 47 चाचण्यांचा आणि सुमारे 3,500 लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, उदासी आणि वेदना यांच्यात थोडा ते मध्यम फरक पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. वजन, खाण्याच्या सवयी आणि झोप यांबाबत मात्र त्या वेळी पुरेसा पुरावा सापडला नाही. 2022 मध्ये चिंतेचा आजार असलेल्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात तोच आठ आठवड्यांचा कार्यक्रम एस्सिटालोप्राम या नेहमीच्या गोळीच्या तोडीस तोड ठरला. हृदयरोगाबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये सांगितलं की नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ध्यान करायला हरकत नाही. 'जोड म्हणून' हे शब्द महत्त्वाचे. बीपीची गोळी चालू ठेवूनच बसायचं. पुढे बीपी उतरलं तर गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

शरीरात नेमकं काय होतं? श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना थोडे कमी होतात. हे निरोगी शरीरात सतत चालू असतं. उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो, ठोके संथ होतात, स्नायूंची पकड सैल पडते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. ध्यानात ही संख्या आपोआप खाली येते, मुद्दाम आणायची नसते. म्हणजे मन शांत करायची एक वाट शरीरातूनच जाते आणि आपण तीच धरतो आहोत.

बैठक : इथे घाई करू नका

मांडी घालून ताठ बसा, एवढी एक ओळ सांगून बहुतेक ठिकाणी हा विषय संपवतात. मग माणूस फरशीवर एक पातळ चटई टाकतो, मांडी घालतो आणि तीन मिनिटांत पाठीला पोक येतो. तो पाठ ताठ करतो, पुन्हा पोक येतो. दहा मिनिटं या ओढाताणीतच जातात.

यामागचं कारण साधं आहे. खुर्ची-सोफ्याच्या सवयीने खुब्याचे सांधे आखडलेले असतात. सपाट जमिनीवर मांडी घातली की गुडघे वर राहतात, माकडहाडाकडचा भाग मागे कलतो आणि कंबरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो. त्यानंतर पाठ सरळ ठेवायची तर स्नायूंना सतत जोर लावावा लागतो. उपाय एकच : बूड उचला. सतरंजीची किंवा चादरीची घट्ट घडी करा, चार बोटं उंचीपासून वीतभरापर्यंत, आणि तिच्या फक्त पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पाय घडीवर घेऊ नका, ते खाली जमिनीवर. आता गुडघे खुब्यापेक्षा खाली गेले का पाहा. गेले असतील तर कंबर न सांगता सरळ होते. नसतील गेले तर आणखी एक घडी वाढवा. मऊ उशी घेऊ नका, ती दबते आणि माणूस पुन्हा मागे कलतो.

गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याच्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवा. दोन्ही गुडघे आणि बूड अशा तीन जागी वजन टेकलं पाहिजे. पद्मासनाचा हट्ट नको. साधी मांडी पुरते, आणि एक पाऊल दुसऱ्यावर न चढवता दोन्ही पावलं एकापुढे एक जमिनीवर ठेवली तर घोट्यांवरही ताण येत नाही. ज्यांना वज्रासन सोसतं त्यांनी टाचांच्या मध्ये घट्ट उशी घेऊन बसावं.

गुडघे झिजलेले असतील, शस्त्रक्रिया झालेली असेल, पोट मोठं असेल किंवा गरोदरपण असेल तर खुर्ची घ्या. आमच्या सकाळच्या बैठकीला एक निवृत्त एसटी वाहक येतात. त्यांना पहिल्या दिवशी म्हटलं, "काका, तुम्ही खुर्चीवर बसा." त्यांना ते लागलं. "खुर्चीवर बसून कसलं आलंय ध्यान? मी काय म्हातारा झालो का?" हट्टाने ते खाली बसले आणि सगळा वेळ गुडघा चोळण्यात गेला. दुसऱ्या दिवशी स्वतःच प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली. आता त्यांच्याइतकं निवांत तिथे कोणी बसत नाही. खुर्चीवर बसताना मात्र पाठ टेकवू नका. थोडं पुढे सरका, दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकवा, टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. पाठ दुखणीची असेल तर फक्त कंबरेमागे छोटी उशी चालेल.

आता वरचा भाग. खांदे एकदा कानापर्यंत उचला आणि सोडून द्या. हनुवटी किंचित आत, म्हणजे मान मागून लांब होते. हात मांडीवर किंवा ओंजळीसारखे एकात एक, बोटांची मुद्रा केलीच पाहिजे असं काही नाही. दातांवर दात दाबलेले नकोत. जीभ वरच्या दातांच्या मागे सैल टेकू द्या. चष्मा काढा, पँटचा पट्टा किंवा परकराची, सलवारीची नाडी सैल करा. ही नाडीची गोष्ट किरकोळ वाटेल, पण पोट आवळलेलं असेल तर श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो आणि मग कितीही बसलं तरी बेचैनी जात नाही.

बैठक जमली की नाही ते ओळखायची एक खूण आहे. तीन मिनिटं काहीही न करता नुसतं बसा. शरीराला कुठेतरी टेकावंसं वाटलं तर घडीची उंची बदला. पहिले दोन-तीन दिवस फक्त या जुळवाजुळवीत गेले तरी चालतील. ते फुकट जात नाहीत.

वेळ आणि जागा

ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व मी नाकारत नाही. पहाटे घर झोपलेलं असतं, रस्ता शांत असतो, पोट रिकामं असतं. पण पहाटे उठून चार डबे करणाऱ्या बाईला 'आणखी अर्धा तास आधी उठा' असं सांगणं निर्दयपणाचं आहे. तिची झोप ध्यानापेक्षा जास्त मोलाची. तिच्यासाठी सगळे बाहेर पडल्यानंतरचा, दहा-साडेदहाचा वेळ उत्तम. रात्रपाळी करणाऱ्याने घरी आल्या आल्या बसू नये, पेंगच येईल. झोपून उठल्यावर बसावं.

घड्याळातल्या वेळेपेक्षा रोजच्या एखाद्या कामाला ध्यान बांधून घेणं जास्त टिकतं : दात घासल्यावर, देवपूजा झाल्यावर, दिवेलागणीला, ऑफिसातून आल्यावर हातपाय धुतले की. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. चहा घेऊन बसलं तर काही बिघडत नाही. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी ध्यानासाठी खाण्याची वेळ पुढे ढकलू नये.

वेगळी खोली नसली तरी चालते. पलंगाशेजारची भिंत, देवघरासमोरची दोन हात जागा, गॅलरीचा कोपरा, काहीही पुरतं. जागा रोज तीच ठेवा. घडी केलेली सतरंजी तिथेच राहू द्या, रोज कपाटातून काढावी लागली की आळस होतो. पंखा थेट अंगावर नको. शांत बसल्यावर शरीर थोडं गार पडतं, म्हणून थंडीच्या दिवसांत खांद्यावर शाल घ्या. घरच्यांना सांगून ठेवा : 'दहा मिनिटं मला हाक मारू नका.' हे सांगायला बायकांना फार संकोच वाटतो. सांगाच.

फोन विमान मोडवर, गजर मंद सुराचा, आणि फोन हाताच्या टप्प्याबाहेर. किती मिनिटं झाली हे पाहायला डोळे उघडायची उबळ येते, ती गजरामुळे जाते. ॲपची गरज नाही. कानात कोणीतरी सतत बोलत असलं की आपण श्वास सोडून त्या आवाजाचा नाद धरतो.

पहिली दहा मिनिटं

बसल्यावर आधी तीन श्वास जरा मोठे घ्या. नाकाने आत, नाकानेच बाहेर, आणि सोडताना घाई न करता सोडा. तीनच. हा प्राणायाम नाही, दिवसभराच्या धावपळीतून बसण्यात येण्याचा उंबरठा आहे.

मग मिनिटभर शरीरावरून लक्ष फिरवा. कपाळाला आठी पडली आहे का? जबडा आवळला आहे का? खांदे पुन्हा वर गेले का? पोट आत ओढून धरलं आहे का? जिथे ताण सापडेल तिथे एक उच्छ्वास सोडा आणि पुढे जा. जबडा आणि पोट या दोन जागांवर जरा जास्त थांबा. पोट आत धरून चालायची सवय इतकी मुरलेली असते की ते सोडलं की काही जणांना लगेच एक आपोआप मोठा श्वास येतो.

आता लक्ष नाकपुड्यांच्या कडेवर आणि वरच्या ओठाच्या वरच्या छोट्याशा भागावर आणा. आत येणारा श्वास किंचित गार लागतो, बाहेर जाणारा थोडा कोमट. तो नेमका कुठे लागतो ते शोधा. कडेला? आतल्या बाजूला? ओठावर? उजव्या नाकपुडीतून येतोय की डावीतून? बहुतेकांना एकीतून जास्त, दुसरीतून कमी जाणवतो. ही सर्दी नव्हे. नाकाच्या आतली सूज दर काही तासांनी एकीकडून दुसरीकडे जात असते, निसर्गच तसा आहे. काहीच जाणवत नसेल तर चार-पाच श्वास थोडे जोरात घ्या, जागा सापडली की लगेच जोर सोडा. श्वास उथळ असेल तर उथळ, खोल असेल तर खोल. त्याला सुधारायला जाऊ नका.

पहिल्या आठवड्यात उच्छ्वासाबरोबर मनात आकडा मोजा : एक, दोन, असं दहापर्यंत, मग पुन्हा एक. मध्येच गॅसच्या नंबरची आठवण आली, काल कोणी टाकून बोललं ते आठवलं आणि आकडा हरवला, तर चरफड न करता पुन्हा एकपासून. कधी भान येतं तेव्हा मोजणी सतरा-अठरापर्यंत गेलेली असते, तेव्हाही एकवर या. इगतपुरीच्या पद्धतीत आकडे किंवा शब्द श्वासाला जोडत नाहीत, आणि पुढे तुम्हीही ते सोडून द्यायचे आहेत. सुरुवातीला मात्र भरकटलेलं लवकर लक्षात यायला त्यांचा उपयोग होतो, असं मी पाहिलं आहे.

मन जाणार, तुम्ही ते परत आणणार. हे दहा मिनिटांत अनेकदा होईल. तालमीत जोर काढणाऱ्याचा दंड खाली-वर होण्यातच घडतो, तसं इथे परत येण्यातच सगळं आहे. ज्या दिवशी दहापर्यंत एकदाही पोचला नाहीत त्या दिवसालाही वाईट म्हणू नका.

गजर वाजला की ताडकन उठू नका. डोळे मिटलेलेच ठेवून दोन्ही हातांची बोटं हलवा, पाय सरळ करा, तळवे एकमेकांवर घासून डोळ्यांवर ठेवा. वय झालेलं असेल किंवा बीपीची औषधं चालू असतील तर उभं राहायच्या आधी अर्धा-एक मिनिट पाय पसरून बसा, नाहीतर भोवळ येऊ शकते.

हमखास येणाऱ्या अडचणी

पायाला मुंग्या येतात. बसण्याने नसेवर दाब आला की पाय बधिर होतो, दाब गेला की उतरतो. आधी घडीची उंची तपासा. बसल्या बसल्या पाय बदलायचा असेल तर बदला, पण ठरवून, सावकाश, आणि बदलताना काय होतंय ते जाणत. खाजेचंही तसंच. पहिल्या क्षणी खाजवू नका, दोन-तीन श्वास थांबून पाहा. पुष्कळदा ती आपसूक विरते. सांध्यात तीक्ष्ण कळ येत असेल तर सहन करू नका. तिथे शौर्य दाखवायचं नाही.

पेंग येते. झोप अपुरी असेल तर आधी झोप पुरी करा, त्याला ध्यान हा उपाय नाही. झोप पुरी होऊनही पेंग येत असेल तर तोंडावर पाणी मारून बसा, डोळे अर्धे उघडे ठेवून समोरच्या फरशीवर नजर टेकवा, किंवा काही वेळ उभ्यानेच श्वास पाहा.

आवाज. कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरचं फर्निचर सरकवणं, गणपतीच्या दिवसांतले ढोल. आवाज थांबायची वाट पाहत बसलात तर शहरात कधीच ध्यान होणार नाही. आवाज ऐका, 'आवाज' एवढी नोंद मनाशी करा आणि श्वासावर या. खरा त्रास आवाजाचा कमी आणि 'हे लोक असे कसे' या मागाहून सुरू होणाऱ्या भांडणाचा जास्त असतो. ते भांडण पकडता आलं तर त्या दिवशी पुष्कळ कमावलं.

रडू येतं, जुना राग उसळतो. हे होतं, विशेषतः घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा बरेच महिने स्वतःसाठी दोन मिनिटंही मिळाली नसतील तर. रडू आलं तर येऊ द्या. आठवणीच्या मागे न जाता छातीत, घशात काय होतंय ते पाहा. फार भरून आलं तर डोळे उघडा, पाणी प्या, त्या दिवशी थांबा.

श्वासाकडे पाहिलं की गुदमरल्यासारखं होतं. दम्याचा किंवा धडधडीचा त्रास असलेल्या काही लोकांना हे होतं. अशांनी नाक सोडून द्यावं आणि लक्ष तळपायांवर किंवा तळहातांवर ठेवावं. दुसरा चांगला पर्याय म्हणजे नामजप. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात योगातला मंत्र आणि ख्रिस्ती माळेवरची लॅटिन प्रार्थना, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत संथ झाल्याचं दिसलं. आपल्याकडे माळ ओढत 'रामकृष्णहरी' म्हणणाऱ्या आजीचा श्वास कसा चालतो ते एकदा जवळ बसून पाहा. ज्यांच्या घरात ही सवय आहे त्यांनी ती मागासलेली समजून टाकून देऊ नये. एका उच्छ्वासाला एक नाम, एवढं जोडलं की तुमचं ध्यान तयार आहे.

पुढचे आठवडे

पहिला आठवडा रोज दहा मिनिटं, आकड्यांसह. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडे सोडा, वेळ पंधरा मिनिटं. महिन्यानंतर वीस. त्यापुढे जायची घाई नको. सकाळी वीस आणि संध्याकाळी दहा हे संसारी माणसाला पुष्कळ झालं. रविवारी तासभर आणि बाकी दिवस शून्य, यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी चांगली.

प्रगती बसण्याच्या वेळी शोधू नका, ती तिथे दिसत नाही. ती दिवसात दिसते : रिक्षावाल्याशी वाद घालताना आवाज चढायच्या आधी छातीतली धडधड लक्षात येते, पोराच्या अंगावर ओरडण्याआधी एक क्षण मिळतो. हा क्षण वाढवायचा असेल तर दिवसातही छोटे थांबे घ्या. लोकलमध्ये दोन स्टेशनांमधलं अंतर, सिग्नलचा लाल दिवा, दूध तापेपर्यंत ओट्यापाशी उभं राहणं. डोळे मिटायची गरज नाही, नुसते पाच श्वास जाणायचे. बीपी मोजायच्या आधी तर पाच मिनिटं शांत बसायचंच असतं, ती पाच मिनिटं याला द्या.

रात्री झोप लागत नसेल तर बसून ध्यान करू नका. पाठीवर आडवे व्हा, हात शरीरापासून थोडे दूर, आणि पायाच्या अंगठ्यापासून वर एकेक भाग जाणत, सैल सोडत या. पोटरी, गुडघा, मांडी, असं. डोक्यापर्यंत पोचायच्या आत झोप लागली तर लागू द्या, त्यासाठीच ते केलं. दुपारनंतरचा चहा मात्र बंद करा, नाहीतर दोष ध्यानाला लागेल.

खंड पडणार. लग्नसराई येते, घरात आजारपण येतं, गावी जाणं होतं. खंडानंतर वीस मिनिटांवर थेट परत जाऊ नका, पुन्हा दहापासून, आकड्यांसह सुरू करा. चार दिवसांत घडी बसते.

कोणी जपून करावं

ध्यान सगळ्यांना, सगळ्या वेळी सुखाचंच असतं असं नाही. 2020 मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे आठ टक्के लोकांना ध्यानामुळे चिंता वाढणं, उदास वाटणं असे त्रास झाल्याचं आढळलं. स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे आजार असतील, मोठा मानसिक आघात झालेला असेल किंवा तीव्र नैराश्य चालू असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला आणि एकट्याने लांबलचक बैठका करू नका. ध्यानात किंवा नंतर आपण आपल्या शरीरात नाही असं वाटू लागलं, भास झाले, सलग दोन-तीन रात्री झोपच आली नाही, तर ध्यान थांबवा. 'अनुभूती येतेय, चालू ठेवा' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आयुष्य नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ती सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

श्वास रोखून धरण्याचे प्रकार या लेखात मुद्दाम घेतलेले नाहीत. बीपी, हृदयरोग आणि गरोदरपण यांत ते पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून करू नयेत.

शिबिराला जायचं असेल तर

घरी काही महिने बसून झालं की पुष्कळांना दहा दिवसांच्या शिबिराची ओढ लागते. तिथे शुल्क नसतं. आधी शिबिर केलेल्यांनी दिलेल्या दानावर खर्च चालतो. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊनंतर दिवे मालवतात, मधल्या वेळात बसणं सुमारे दहा तासांचं. फोन जमा करावा लागतो आणि जवळपास सगळं शिबिर मौनात असतं. चौथ्या दिवशी आनापानाकडून विपश्यनेकडे, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना पाहण्याकडे नेतात. हे कसोटीचं काम आहे. म्हणून जाण्याआधी घरी सलग पाऊण-एक तास, खुर्चीवर का होईना, बसता येतं का ते करून पाहा आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर अर्ज करतानाच खुर्ची लागेल असं कळवा. अर्जात आजार, चालू औषधं आणि मानसिक त्रासाबद्दल विचारलेलं असतं. प्रवेश नाकारतील या भीतीने काही जण ते लपवतात. तसं करू नका, सगळं खरं लिहा, आणि त्यांनी 'सध्या नको' म्हटलं तर घरची दहा मिनिटं चालू ठेवा.